‘डिस्चार्ज’चा मला येणारा अर्थ

वाशीमच्या कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाच्या पूर्वेच्या बाजूला, सतरंजीचा एक तुकडा, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, दोन दौती आणि मी, असं आमचं दुकान एकतीस वर्षं चाललं. झाडाच्या पश्चिमेला दुसरे एक मुन्शी बसत. दुपार कलली की सावली त्यांच्याकडून माझ्याकडे सरके आणि त्यांची गिऱ्हाइकंही सावलीबरोबर माझ्याकडे येत. हे माझ्या विद्वत्तेमुळे होतं असं मी बरीच वर्षं समजत होतो.

माझ्या परवान्यावर ‘अर्जनवीस’ असं लिहिलेलं होतं. लोक मुन्शीजी म्हणत. काम साधं. ज्याला लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारी भाषेत येत नाही, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि साहेबाला समजेल अशा रीतीनं कागदावर उतरवायचं. वाचून दाखवायचं, खाली अंगठा घ्यायचा, अंगठ्याशेजारी माणसाचं नाव लिहायचं. वकील कोर्टात बोलतो. अर्जनवीस कोर्टाबाहेर ऐकतो. ऐकण्याचं काम जास्त. अर्धा तास माणूस बैल, भाऊ, बांध, बायको, बोरीचं झाड असं सगळं सांगतो आणि त्यातून अर्जात यायच्या असतात चार ओळी.

या चार ओळींवर लोकांचं समाधान होईच असं नाही. एका म्हातारीची शेजारणीविरुद्ध तक्रार होती. मी अर्ज लिहिला, वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, “मुन्शीजी, मी इतक्या रागानं बोलली, याच्यात तो राग कुठी हाये?” मी बोट ठेवून दाखवलं : ‘अर्जदारास मनस्ताप झाला.’ ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “लहान हाये जी.” मी ‘अत्यंत’ हा शब्द वाढवून दिला, तेव्हा तिनं अंगठा उठवला.

दुसरे असत ते इंग्रजीचे भुकेले. अर्ज मराठीत चालत असला तरी त्यांना मध्ये दोन शब्द इंग्रजी हवेत. “असे जड शबुद टाका का वाचतानी सायबाची मान वर झाली पाह्यजे.” मी टाकत असे. माझं इंग्रजी शाळेतलं फारसं नव्हतं. पाचवी इंग्रजीपर्यंत शिकलो आणि घरच्या अडचणीमुळे शाळा सोडली. उरलेलं इंग्रजी मी कोर्टाच्या कागदांवरून वेचलं. एखादा शब्द हुकमावर दिसला की मी तो टिपून ठेवी आणि त्यानंतर आरोपीचं, फिर्यादीचं काय होतं ते बघत असे. तोच माझा शब्दकोश. ‘रिमांड’ म्हटलं की माणूस परत आत जातो. ‘ॲडजर्न’ म्हटलं की सगळे धोतर झटकून घरी जातात.

‘डिस्चार्ज’ हा शब्द मी असाच शिकलो. ढोर चोरल्याच्या संशयावरून एका पोराला आणलं होतं. मॅजिस्ट्रेटनी कागद बघितले, आरोप ठेवण्याजोगं काही नाही असं म्हणाले आणि हुकमावर तो शब्द लिहिला. पोरगा पायऱ्या उतरून खाली आला. त्याच्या आईनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी वहीत लिहिलं : डिस्चार्ज, म्हणजे आळातून सुटला. त्यानंतर कितीतरी हुकमांवर तो शब्द मी वाचला आणि प्रत्येक वेळी माणूस पायऱ्या उतरून खालीच आला. त्यामुळे या शब्दाविषयी मला कधी शंका आली नाही.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली. आमच्या भागातलीही पोरं पलटणीत गेली. गावात पत्रं, तारा येऊ लागल्या आणि कोर्टाच्या कामाइतकंच वाचून दाखवायचं काम माझ्याकडे वाढलं.

बाजाराच्या दिवशी आसेगावचे उकंडराव माझ्याकडे आले. थोडीशी जमीन कसणारा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा किसन दोन वर्षांपूर्वी पलटणीत भरती झाला होता. घरी त्याची बायको गंगू होती, लग्नाला तीन वर्षं झालेली. उकंडरावांच्या पागोट्याच्या घडीत तार होती. गावात इंग्रजी वाचणारा कोणी नाही म्हणून ते चालत वाशीमला आले होते.

“पोराचं काई बरंवाईट तं नाही नं जी?” त्यांनी आधीच विचारलं.

तारेत शब्द अगदी थोडे. किसन उकंडा, डिस्चार्ज्ड, आणि घराकडे निघाला आहे. कुठून आली ते लढाईच्या दिवसांत तारेवर नसे.

“जिवंत आहे,” मी म्हणालो. “घरी येतोय. सुटला.”

त्यांनी आधी डोळे मिटले. मग उघडून म्हणाले, “सुटला म्हंजे? कशातून सुटला?”

मी क्षणभर अडलो, हे मला आजही स्वच्छ आठवतं. कोर्टाचा शब्द पलटणीच्या तारेत कशाला आला, असं मनात आलं होतं. पेन्शनीतले एक हेडमास्तर कोर्टाच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांच्याकडे जाडजूड इंग्रजी कोश होता. उठून जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण माझ्याभोवती सात-आठ माणसं होती. पश्चिमेचे मुन्शी टाक खाली ठेवून ऐकत होते. मी घसा साफ केला.

“हा शब्द आरोपीसाठी असतो. पोरावर काहीतरी आळ आला असावा. पण साबीत झाला नाही, म्हणून सोडून दिलं. चिंता करू नका.”

चिंता करू नका, असंही मीच वर सांगितलं.

उकंडरावांचा चेहरा बदलला. “काय केलं म्हंते त्यानं?”

“ते लिहिलेलं नाही.”

त्यांनी तार घडी करून परत पागोट्यात ठेवली आणि ते गेले. त्या माणसांत केनवडचा एकजण तारखेसाठी आलेला होता. गंगूचं माहेर केनवडचं. तो काय घेऊन गेला हे मला तेव्हा कळलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारच्या वेळी, खाकी शर्ट घातलेला एक तरुण माझ्या सतरंजीसमोर येऊन उभा राहिला. शर्टाची डावी बाही कोपरापासून मोकळी होती.

“तुमीच का वाचली तार?” त्यानं विचारलं. “मी किसन. आसेगावचा.”

मी त्या बाहीकडे बघत राहिलो. त्याची नजर माझ्यावरून बाहीकडे गेली, परत माझ्याकडे आली. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“तारेत काय लिवलं होतं, तेवढं मले सांगा मुन्शीजी. गावात लोक म्हंतात, मी पलटणीत चोरी केली. सायबानं हात तोडला आनं सोडून देल्लं.”

मी म्हणालो, “सरकार कुणाचे हात तोडत नाही रे बाबा.”

“तुमाले माईत हाये, मले माईत हाये. आसेगावाले कोन सांगन? तुमी सांगतलं आळ होता. मंग मी आलो, तं हात नाही. लोकायनं दोन्ही जोडलं.”

मग त्यानं जे सांगितलं ते असं. जखमी झाल्यावर तो चार महिने दवाखान्यात होता. आई हाय खाईल म्हणून त्यानं घरी कळवू दिलं नाही. भेटल्यावर सांगू, असं ठरवलं. घरी आला तर दारात कोणी ओवाळलं नाही. आईनं बाही बघून हंबरडा फोडला, पण बाप उठून गोठ्यात गेला. गंगूला तिचा बाप आधीच केनवडला घेऊन गेला होता. चोराच्या घरी मुलगी ठेवत नाही म्हणाला.

“तू वडिलांना खरं का सांगितलं नाहीस?”

“त्यायनं इचारलं असतं तं सांगतलं असतं,” तो म्हणाला. “इचारलंच नाही. दोन घास खाते आनं उठून जाते.”

त्याच्याकडे एक छापील कागद होता. पलटणीत त्याला रोमन अक्षरं शिकवली होती, त्यामुळे अक्षरं लागत होती. त्यानं कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. “अक्षरं वयखतो मी. मतलब नाही समजत. हाच नं तो शबुद?”

तोच होता. मोठ्या अक्षरांत छापलेला. आणि त्याच्या खाली, हातानं भरलेल्या ओळींमध्ये, मला कळणारे आणि न कळणारे पुष्कळ शब्द. जखम कळलं. सेवा कळलं. आरोप, कोर्ट, कलम यांपैकी एकही शब्द त्या कागदावर नव्हता. एकतीस वर्षांत त्या एका दिवशी मी भर दुपारी पेटी बंद केली. पश्चिमेच्या मुन्शींनी विचारलं, “काय हो, कुठं?” मी म्हणालो, “एका शब्दाचा अर्थ विचारायला.” ते हसले. हसण्यासारखंच होतं.

हेडमास्तर ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी कोश आणला. त्याची पाठ निखळलेली होती आणि तो सुतळीनं बांधलेला होता. गाठ सोडून त्यांनी पान काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक अर्थ मराठीत सांगू लागले. जहाजावरचा माल उतरवणे. बंदूक झाडणे. नदीने आपलं पाणी समुद्रात ओतणे. जखमेतून पू वाहणे. कर्तव्य पार पाडणे. रोग्याला दवाखान्यातून घरी पाठवणे. शिपायाला सेवेतून मोकळं करणे. आरोपीला सोडणे.

“तुमचा अर्थ आहे यात,” ते मला म्हणाले. “पण तो शेवटी आहे. आधी बघायचं असतं की बोलतंय कोण. कोर्ट बोलतंय, दवाखाना बोलतोय, की पलटण बोलतेय? शब्द तोच, पण बोलणारा बदलला की काम बदलतं.”

किसन दाराशी उकिडवा बसून ऐकत होता. तो म्हणाला, “एका शब्दात इतकं मावते?” आणि थोड्या वेळानं हिशेब लावल्यासारखं, हळूहळू, “गोळी सुटली तेबी हेच. जखम वाह्यली तेबी हेच. दवाखान्यानं सोडलं, पलटणीनं सोडलं, तेबी हेच. मंग मले दोन वर्सांत दुसरं काई झालंच नाही म्हना!”

तो हसला. हेडमास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांनी तो कागद स्वतःच्या हातात घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. लढाईत जखमी होऊन हात गमावल्यामुळे पुढील सेवेस असमर्थ. आणि अगदी खाली, ‘वर्तणूक’ या शब्दापुढे एकच शब्द : एक्झेम्प्लरी. मला तो येत नव्हता. या वेळी मी लगेच विचारलं.

“इतरांनी कित्ता गिरवावा अशी,” हेडमास्तर म्हणाले.

मी दोन्ही शब्दांचे अर्थ एका कागदावर मराठीत लिहून घेतले, खाली हेडमास्तरांची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे किसनबरोबर बैलगाडीनं आसेगावला गेलो. उकंडराव गोठ्यात होते. मी म्हणालो, चार माणसं बोलवा. ते म्हणाले, “कायले? जे झालं ते पुरे झालं.” मी म्हणालो, चार माणसांसमोर चुकलो, तर चार माणसांसमोरच सांगायला हवं. किसनची आईच मग शेजारीपाजारी जाऊन लोकांना घेऊन आली.

अंगणात बाजेवर बसून मी कागद वाचला. त्याआधी म्हणालो, “मी तारेचा अर्थ चुकीचा सांगितला. मला या शब्दाचा एकच अर्थ येत होता. या पोरावर कधीही कसलाही आळ नव्हता. हा लढाईत जखमी झाला आहे.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मंग तुमी कोर्टात आमचं जे लिवता ते तरी बराबर असते का?” त्या माणसाचे तीन अर्ज मी लिहिले होते.

उकंडराव इतका वेळ भिंतीशी उभे होते. ते पुढे आले. “वर्तनूक कशी म्हने? ते पुन्ना वाचा.”

“इतरांनी कित्ता गिरवावा अशी. म्हणजे दुसऱ्यानं याच्याकडे पाहून शिकावं.”

“अजून एक डाव.”

मी तिसऱ्यांदा वाचलं. म्हातारा किसनजवळ गेला. त्याची मोकळी बाही वाऱ्यानं हलत होती, तिचं टोक धरून त्यानं नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात खोचून दिली. ते करताना दोनदा घडी सुटली. किसन लहान मुलासारखा स्थिर उभा होता.

केनवडला जायचं मात्र किसननं साफ नाकारलं. “मी नाई येत. तिले वाटलं तं येईन ते. हात धरून आनायले मी नाई जात.” त्यामुळे केनवडला मी एकटाच गेलो, दोन दिवसांनी. कोर्टात त्या दिवशी माझी जागा रिकामी होती.

गंगूचे वडील मारोतराव खळ्यावर होते. बसा म्हणाले, पाणी दिलं आणि मी बोलायला लागल्यावर मध्येच थांबवलं.

“पहिले तुमीच सांगतलं आळ आला. आता तुमीच सांगता का पोरगा हिऱ्यावानी हाये. दोन मुन्शी हायेत का तुमी? कोन्त्यावर इस्वास ठेवू?”

“दोन्ही मीच,” मी म्हणालो. “पहिलं मी मनानं सांगितलं. हे विचारून आणलंय. खाली सही आहे, नाव आहे. तुम्हाला पटत नसेल तर चला, हेडमास्तरांकडे मी स्वतः घेऊन जातो.”

ते कागद उलटसुलट करत बसले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते बराच वेळ त्यावर नजर फिरवत होते. घर खळ्याला लागूनच. दाराच्या आडून आवाज आला.

“हात कोन्ता गेला?”

मारोतराव म्हणाले, “तू आत जाय.”

ती गेली नाही. “मुन्शीजी, हात कोन्ता गेला? कोनी सांगतच नाई मले. डावा का उजवा?”

“डावा,” मी म्हणालो. “कोपराखालचा.”

“उजवा साबूत हाये?”

“हो. अगदी साबूत.”

“मंग काय?” ती म्हणाली. त्यानंतर आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं ती लुगड्यांचं गाठोडं घेऊन उंबऱ्याबाहेर आली. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, बापासारख्याच रुंद कपाळाची. डोळे सुजलेले होते. बापाकडे न बघता तिनं गाठोडं खळ्यावर उभ्या असलेल्या गाडीत ठेवलं. मारोतराव उठले आणि बैल जुंपायला गेले.

वाशीमपर्यंत मी त्यांच्याच गाडीत होतो. मारोतराव धुरेवर, मध्ये मी, मागे गाठोड्याला टेकून गंगू. त्या दोघांचं पुढे चांगलं झालं, हे मी इथेच सांगून टाकतो. किसन एका हातानं वखर धरायला शिकला. शेतात वखराची पाळी घालताना गंगू बैलांपुढे चाले. गावातली पत्रं तो वाचून देऊ लागला आणि अडलं की पत्र घेऊन माझ्याकडे येई. मला अडलं की आम्ही दोघे मिळून हेडमास्तरांकडे जात असू. मारोतरावांनी जावयाला एक गोऱ्हा आणून दिला. उकंडरावांनी मात्र मला पुन्हा कधी अर्ज लिहायला सांगितला नाही. ते झाडाच्या पश्चिमेला जात. जाताना नमस्कार करत.

पण त्या दिवशी गाडीत यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मागे बसलेल्या मुलीनं तीन आठवडे रडून काढले आहेत आणि त्याला कारण मी आहे. वाशीमची घरं दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, “तो शबुद काय होता जी?”

मी सांगितला. तिनं तो म्हणून बघितला. पहिल्यांदा तिला जमला नाही, दुसऱ्यांदा जवळपास जमला.

“येवढाच?”

“एवढाच.”

“तुमाले येत नोता, तं कोनाले इचारलं काहून नाई?”

मारोतरावांनी वळून तिच्याकडे बघितलं, पण दटावलं नाही. कोर्टात उलटतपासण्या पुष्कळ ऐकल्या होत्या मी. इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. काही सबबी मनात आल्या. त्या तिला सांगण्यासारख्या नव्हत्या.

“लाज वाटली, बाई,” मी म्हणालो. “लोक बसले होते समोर.”

ती जराही टोचून न बोलता, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, “आमाले तं रोजच इचारा लागते जी, कोनाले ना कोनाले.”